बिजा, शिसव आणि सागाची पन्नास वर्षे

2002 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या परिसरात ॲशच्या झाडांवर पाचूसारखा हिरवा एक भुंगेरा सापडला. पूर्व आशियातून आलेल्या या किडीच्या अळ्या सालीखालचा रसवाही थर कोरतात आणि काही वर्षांत उभे झाड वाळते. कोट्यवधी झाडे गेली. ज्या फेंडर कंपनीच्या इलेक्ट्रिक गिटारी ॲशच्या लाकडासाठी ओळखल्या जात, तिने 2020 मध्ये आपल्या बहुतेक नियमित उत्पादनांतून ते लाकूड कमी करण्याचे जाहीर केले. युरोपात हेच झाड बुरशीने मरते आहे. उत्तर भारतातही 1990 च्या दशकापासून शिसूची झाडे मोठ्या प्रमाणावर मर रोगाने वाळली. विदर्भाच्या जंगलांत मात्र वाद्यांच्या लाकडावर आलेली आपत्ती किडीची नाही. ती आपल्या पसंतीतून आली, आणि म्हणूनच ती दुरुस्तही करता येण्यासारखी आहे.

तबल्याचे खोड शिसव, बिजा, खैर अशा जड लाकडाचे उत्तम होते. लाकडी गट्टे खाली ठोकले की चामड्याच्या वाद्या ताणल्या जातात आणि पुडीचा, म्हणजे वरच्या कातड्याचा, सगळा ताण खोडावर येतो. हलके किंवा कच्चे लाकूड या ताणाखाली तडकते, शिवाय नादही लवकर विरतो. म्हणून कारागिराला जून झाडाचा, पक्क्या गाभ्याचा तुकडा लागतो. मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतच्या पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू यांच्यामध्ये बिजा आणि शिसव विखुरलेले असतात. मिश्र जंगल टिकले, तरच ही झाडे टिकतात. राष्ट्रीय कृषी आयोगाने 1972 मध्ये उत्पादनक्षम वनीकरणाची शिफारस केली आणि 1974 मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ उभे राहिले. त्याचे मुख्यालय नागपुरातच आहे. कमी उत्पन्न देणारे मिश्र जंगल सरसकट तोडायचे आणि तिथे साग लावायचा, हा त्या काळातला मुख्य कार्यक्रम होता. अशा रोपवनात सागाशिवाय जे उगवते ते साफसफाईत निघून जाते. मोठा बिजा तुटला एवढेच नुकसान नाही. त्याच्या रोपाला वाढायला जागा उरली नाही, हे नुकसान अधिक खोल आहे.

सागाने राज्याला महसूल दिला, हजारो कुटुंबांना रोजगार दिला, कायदेशीर लाकूड बाजारात आणले, आणि ते आले नसते तर नैसर्गिक जंगलावर आणखी भार पडला असता, असे यावर म्हटले जाईल. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. हार्मोनियमच्या पेटीलाही साग चालतो. पण सागाचे हे गुण मान्य केले म्हणून एकाच झाडाचे रान हा शहाणपणा ठरत नाही. नागपूरच्या उत्तरेला मंडला भागात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सालाच्या जंगलावर खोडकिड्याची मोठी साथ आली आणि लाखो झाडे तोडावी लागली. एका जातीची दाटी असेल, तर साथ आवरणे किती अवघड होते, हे आपल्या शेजारीच दिसले आहे.

कायद्यांनी मग काय साधले? 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत बिजा आहे. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील आदेशाने कार्य आयोजनाशिवाय, म्हणजे वनव्यवस्थापनाच्या मंजूर आराखड्याशिवाय, होणारी वनातली तोड थांबवली. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार संकटग्रस्त वन्यजातींच्या व्यापाराबाबतच्या सायटिस कराराच्या परवान्याखाली आला. त्याचा वाद्यांना जाच झाला, म्हणून नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ही सूट न्याय्यच होती. पण या सगळ्या तरतुदी तोडीवर आणि व्यापारावर बोलतात. नवे झाड कुठून येईल, यावर त्यांच्यात फारसे काही नाही. दरम्यान बिज्याच्या गाभ्याचे पेले मधुमेहावरचा उपाय म्हणून विकले जातात, आणि धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत बिजा संकटाच्या उंबरठ्यावर, तर शिसव असुरक्षित म्हणून नोंदला गेला आहे.

वाद्यांना लाकूड लागते तरी किती, असाही प्रश्न येतो. फर्निचरच्या तुलनेत नगण्य. मात्र हे प्रमाण लहान आहे म्हणूनच ते नियोजनाने भागवता येईल. आज वाद्ये घडवणारा कारागीर बाजारात मोठ्या खरेदीदारांच्या मागे उभा राहतो आणि उरलेले घेतो. आंबा-कडुनिंबाची खोडे सरावाला चालतात, पण मैफलीच्या तबल्याला तो पर्याय नाही. बिज्याची चपटी, कठीण शेंग सहजी रुजत नाही, हे खरे. म्हणून तर रोपवाटिकेची गरज आहे. महामंडळाने सागाची विरळणी केलेल्या जागी, दरवर्षी ठरावीक हिस्सा, बिजा, शिसव आणि शिवण लावावेत. त्यांची नोंद कार्य आयोजनात वेगळी ठेवावी आणि जून झाडांचे लाकूड लिलावात टाकण्याआधी काही भाग वाद्यकारांसाठी राखावा. पक्का गाभा तयार व्हायला अनेक दशके लागतात, त्यामुळे या पावसाळ्यात लावलेले झाड आजच्या कारागिराच्या उपयोगी पडणार नाही. त्याच्या नातवासाठी तरी ते आताच लावायला हवे.