कॅथलिक पंथाचा स्वीकार आणि त्याग : वैयक्तिक कारणांचे स्वरूप
(न्यूमन व डोलिंगर यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
धर्मांतराचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने सामाजिक आणि राजकीय अंगाने केला जातो. व्यक्तीच्या कारणांचा प्रश्न आला की आमिष, दडपण किंवा भावनावशता असे तयार उत्तर पुढे येते. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास हे उत्तर अपुरे वाटते. तथापि या दोन्ही कृतींचा संबंध प्रोटेस्टंट परंपरेशी आहे. प्रस्तुत लेखात कॅथलिक पंथ स्वीकारणारे जॉन हेन्री न्यूमन (१८०१-१८९०) आणि त्याच पंथातून बहिष्कृत झालेले इग्नाझ फॉन डोलिंगर (१७९९-१८९०) यांच्या कारणांचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वीकार : न्यूमन
न्यूमन हे ऑक्सफर्ड येथील अँग्लिकन धर्मगुरू होते. १८३३ मध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड चळवळीचे ते एक प्रमुख होत. अँग्लिकन चर्च हेच प्राचीन चर्चचे खरे वारस आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी आरंभीच्या शतकांचा इतिहास अभ्यासला. परंतु १८३९ मध्ये पाचव्या शतकातील वादांचा अभ्यास करताना आपली बाजू तत्कालीन पाखंडी मानलेल्या पक्षासारखी आहे, अशी शंका त्यांना आली. पुढे सहा वर्षे ते या शंकेशी झगडले. बीजातून वृक्ष वाढावा तसा धर्मसिद्धान्ताचा विकास होतो आणि खरी वाढ कोणती हे ठरविण्यास जिवंत अधिकारपीठ लागते, या निष्कर्षाप्रत ते आले. ९ ऑक्टोबर १८४५ रोजी त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला.

त्याग : डोलिंगर
डोलिंगर हे म्युनिक येथील कॅथलिक धर्मगुरू व चर्चच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. श्रद्धा व नीती यांविषयी पोप आपल्या पदाच्या अधिकाराने जो अंतिम निर्णय देतात तो प्रमादरहित असतो, असा सिद्धान्त व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी घोषित केला. प्राचीन चर्चच्या साक्षीत या सिद्धान्तास आधार नाही, असे डोलिंगर यांचे मत होते. मार्च १८७१ मध्ये त्यांनी म्युनिकच्या आर्चबिशपांना लेखी नकार कळविला. एप्रिलमध्ये त्यांना बहिष्कृत करण्यात आले. मात्र चर्चविरुद्ध वेगळी वेदी उभारण्यास त्यांचा विरोध होता. म्हणून त्यांच्याबाबत 'त्याग' हा शब्द मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो.

विवेचन :
दोघांचेही कारण इतिहासाच्या अभ्यासातून आले. तेच कारण एकास आत घेऊन गेले आणि दुसऱ्यास बाहेर. भेद अंतिम प्रमाणाविषयी होता. डोलिंगर यांच्या दृष्टीने प्राचीन साक्ष ही मर्यादा होती. न्यूमन यांच्या दृष्टीने ती आरंभ होती. १८७० ची घोषणा न्यूमन यांनाही अकाली वाटत होती, तरी त्यांनी ती मान्य केली आणि १८७५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्थान अबाधित असल्याचे प्रतिपादन केले.

दुसरा मुद्दा किमतीचा. न्यूमन यांना ऑक्सफर्डमधील पद, अनेक मित्र आणि बहीण हॅरिएट यांचा स्नेह गमवावा लागला. १८४६ मध्ये सोडलेल्या ऑक्सफर्डला ते १८७८ मध्येच परतले. डोलिंगर यांना उतारवयात, दीर्घ सेवेनंतर, धर्मगुरूचे कार्य थांबवावे लागले. लाभाच्या हिशोबाने या निर्णयांचा उलगडा होत नाही.

तिसरा मुद्दा कथनाच्या काळाचा. न्यूमन यांचे आत्मनिवेदन 'अपोलोजिया' १८६४ मध्ये, म्हणजे पंथस्वीकारानंतर एकोणीस वर्षांनी, चार्ल्स किंग्जली यांनी केलेल्या अप्रामाणिकपणाच्या आरोपास उत्तर म्हणून लिहिले गेले. अशा लेखनात मूळ कारण आणि नंतरचे समर्थन एकत्र येतात. अभ्यासकाने तत्कालीन पत्रांशी ते ताडून पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
कॅथलिक चर्चने न्यूमन यांना २०१९ मध्ये संत आणि २०२५ मध्ये चर्चचे आचार्य घोषित केले. परंतु संस्थेचा गौरव किंवा बहिष्कार यावरून वैयक्तिक कारणाची सत्यता ठरत नाही. कारण कोणते, अंतिम प्रमाण कोणते, किंमत कोणती आणि कथन कधीचे, हे चार प्रश्न विचारल्यास पंथात येणाऱ्या व पंथाबाहेर जाणाऱ्या व्यक्तीस एकाच न्यायाने समजून घेता येते. धर्मांतरविषयक आत्मकथने वर्गात शिकविताना प्राध्यापकांना ही दृष्टी उपयुक्त ठरेल.