थोडे पत्ते, पुष्कळ घरें

घरांतील यंत्र सुरू केलें कीं वाटेल त्या ग्रंथालयाचें, पेढीचें वा वृत्तपत्राचें दार उघडतें, हें आतां शाळकरी मुलांनाहि नवें राहिलेलें नाहीं. परंतु मागितलेलें पान शेजाऱ्याकडे न जातां नेमकें मागणाऱ्याच्याच घरीं कसें येतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. पत्रास जसा पत्ता लागतो, तसा इंटरनेटवर प्रत्येक यंत्रासहि लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. महिन्याचे पैसे भरले म्हणजे असा एक पत्ता आपल्या घराच्या नांवानें राखून ठेवला जातो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तालुक्याच्या गांवीं किंवा शहरांतील एखाद्या पेठेंत, कालचा केबलवाला जेथें आज इंटरनेट पुरवितो, तेथें बहुधा तसें नसतें. एकेका पत्त्यावर अनेक घरें नांदत असतात.

या दाटीचें मूळ १९८१ सालांत आहे. त्या वर्षीं ठरलेल्या पद्धतीप्रमाणें पत्ता चार आंकड्यांचा असतो, व प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत असूं शकतो. २५६ हा आंकडा चारदां मांडून गुणाकार केला म्हणजे ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते होतात. त्या सुमारास पृथ्वीवर माणसेंच सुमारें ४५० कोटी होतीं. म्हणजे माणशीं एक पत्ता हा हिशेब पहिल्या दिवशींहि जुळत नव्हता! पण संगणक ही तेव्हां विद्यापीठांची व मोठ्या कचेऱ्यांची मिरास होती. पुढें ३ फेब्रुवारी २०११ रोजीं जगाचें मध्यवर्ती कोठार रिकामें झालें व शेवटचे पांच गठ्ठे पांच खंडविभागांना वांटून देण्यांत आले. आशिया व पॅसिफिक विभागाचें काम ब्रिस्बेन येथील एपीनिक ही संस्था पाहते. तिनें नव्या सभासदाची कमाल मर्यादा २०१९ सालीं १,०२४ पत्त्यांवरून ५१२ वर आणली. याहून अधिक हवे असतील, तर ज्यांच्यापाशीं जुना सांठा आहे त्यांजकडून ते विकत घ्यावे लागतात, आणि लहान पुरवठादारास तो भाव परवडणें कठीण.

समजा, एका पुरवठादारापाशीं ५१२ पत्ते आहेत आणि ग्राहक घरें ६,०००. संसार करणाऱ्या गृहिणीप्रमाणें त्यानें आधीं उधळपट्टी कोठें होते तें पाहावें. स्वतंत्र पत्ता मागणाऱ्या दुकानांना व कचेऱ्यांना पूर्वीं चार-चार पत्त्यांचा संच देण्याची चाल होती. त्या चारांतील पहिला संचाच्या नांवाकडे जाई, शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठीं राखलेला, तिसरा पुरवठादाराच्या स्वतःच्या यंत्राकडे; ग्राहकाच्या हातीं राही तो एकच. असे शंभर ग्राहक झाले कीं ४०० पत्ते संपले. जोडणीची पद्धत बदलली तर तेंच काम १०० पत्त्यांत होतें. ही मोडतोड कंटाळवाणी असते व रात्रीं जागून करावी लागते, म्हणून कित्येक ठिकाणीं ती वर्षानुवर्षें राहून जाते.

दुसरा उपाय ठराविक मुदतीनें पत्ता उसना देण्याचा. दूरध्वनीच्या तारेवरून घटकाभर जोडणी घेण्याच्या काळीं तो चांगला चाले. एकानें सोडलेला पत्ता दुसऱ्यास मिळे. आतां घरोघरचे राउटर अहोरात्र चालू असतात, त्यामुळें परत कांहींच येत नाहीं.

मग उरते ती वांटणी. मुंबईच्या जुन्या चाळीचा पत्ता एक आणि खोल्यांचे क्रमांक अनेक. टपालवाला चाळीपर्यंत येतो, पुढचें काम खोलीच्या क्रमांकाचें. तशीं प्रत्येक आयपी पत्त्यास ६५,५३६ दारें असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. पहिलीं १,०२४ सोडलीं तर ६४,५१२ उरतात. तीं ६४ घरांत वांटलीं तर प्रत्येक घरास १,००८ दारें येतात. घराच्या आंतल्या बाजूस जो पत्ता द्यावयाचा, त्यासाठीं २०१२ सालीं ४१,९४,३०४ पत्त्यांचा एक गट पुरवठादारांकरितां राखून ठेवण्यांत आला. बाहेरच्या जगांत तो चालत नाहीं, म्हणून तो कोणीहि आपापल्या हद्दींत वापरावा. या हिशेबानें ६,००० घरांना ९४ पत्ते पुरतात. परंतु एवढी काटकसर आवश्यक नसते. दर पत्त्यामागें ३२ घरें ठेवलीं तर १८८ पत्ते लागतात, प्रत्येक घरास २,०१६ दारें मिळतात, आणि कचेऱ्यांचे १०० वजा जातांहि २२४ शिल्लक राहतात. शिल्लक पेटींत कुलुपबंद ठेवून ग्राहकांची दाटी करणारा पुरवठादार हा कंजूष खरा, हिशेबी नव्हे.

सामायिक पत्त्याचे त्रास आहेतच. परगांवाहून दुकानांतील कॅमेरा थेट पाहूं इच्छिणाऱ्यास बाहेरून आंत येण्याची वाट सांपडत नाहीं. एका घरांतून कोणी खोडसाळपणा केला आणि एखाद्या संकेतस्थळानें तो पत्ताच बंद केला, तर बाकीच्या घरांनाहि दार लागतें. पण या दोहोंपेक्षां गंभीर गोष्ट निराळी आहे.

एखाद्या फसवणुकीचा तपास लागतांना पुरवठादाराकडे विचारणा येते: अमुक पत्ता अमुक वेळीं कोणाकडे होता? पोर्टचा आंकडा त्यांत नसेल, तर उत्तर एकच देतां येतें, तें म्हणजे ३२ घरांची यादी. पलीकडच्या सर्व्हरनें पोर्टहि टिपून ठेवावा, अशी शिफारस २०११ सालींच झालेली आहे. ती सर्वत्र पाळली जाते असें नाहीं. पोर्ट असला तरी घड्याळाचा घोळ उरतो. विचारणेंत ८ वाजून १० मिनिटें असें लिहिलें असेल, तर ती वेळ भारताची कीं ग्रिनिचची? दोहोंत साडेपांच तासांचें अंतर, आणि तेवढ्यांत तीं दारें दुसऱ्याच घराकडे गेलेलीं असूं शकतात. ज्या घरांत त्या वेळीं सारे झोंपलेले होते, त्या घरीं चौकशी जावयाची ती अशी. म्हणून जाणते पुरवठादार प्रत्येक जोडणीस दारें मोकळीं न सोडतां एका घरास सलग दारांचा एक गट नेमून देतात. त्यामुळें नोंदवही आटोपशीर राहते: गट कोणास, केव्हां दिला व केव्हां परत आला. यंत्रांचीं घड्याळें मात्र प्रमाण वेळेशीं सेकंदापर्यंत जुळलेलीं असावीं लागतात. यांत आळस करणें म्हणजे निरपराध माणसास संशयांत ढकलणें होय.

या टंचाईवरील खरा उतारा १९९८ सालींच लिहिला गेला होता. आयपीव्ही६ या नव्या पद्धतींत पत्ते इतके आहेत कीं त्यांची संख्या लिहावयास ३९ अंक लागतात. भारतांत २०१६ सालीं जिओच्या जाळ्यानें ती आरंभापासूनच स्वीकारली, तेव्हांपासून येथें तिचा प्रसार झपाट्यानें झाला. लहान पुरवठादारानें ती जुन्या पद्धतीच्या जोडीला चालवावी; मोठमोठ्या संकेतस्थळांकडील रहदारी नव्या वाटेनें गेली कीं सामायिक दारांवरील ताण तितका कमी होतो. अडचण असते ती घरांतील जुन्या राउटरची. नवी जोडणी द्यावयास जाणारा जाणता कारागीर तो आधीं तपासून पाहतो. नवा पत्ता त्यास घेतां येत नसेल, तर त्या घराची गांठ सामायिक दारांशीं आणि नोंदवहीशींच राहते.