एकच द्राक्ष, तीन श्रीमंत देश

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाला युरोपातले सगळे देश सारखे नाहीत. फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची कायदेशीर मर्यादा २००८पासून युरोपीय संघभर एकच. पण जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या तिच्या एक तृतीयांशावरच अडून बसतात. खाणाऱ्याची ही काळजी रास्तच आहे. नेदरलँड्सचा पिंड व्यापाऱ्याचा: रॉटरडॅमला उतरलेला बराच माल पुढे शेजारी देशांत जातो. संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनचे नियम आता वेगळे. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये कात्रीने एकेक खराब मणी काढून घड पनेटमध्ये बसवणाऱ्या बायकांच्या मजुरीत मात्र हा काटेकोरपणा पुरेसा उतरत नाही. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अवशेषांमुळे युरोपात माल अडकला, तेव्हा कर्जात बुडाला तो बागायतदार. आजही प्रयोगशाळेचा दाखला नसेल तर कंटेनर हलत नाही.