मुळशीचा प्रश्न आणि ग्रंथालयातील समतोल

मुळशी तालुक्यात लवळे येथे सिम्बायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठे आहेत, आणि याच तालुक्यात १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. शैक्षणिक ग्रंथालयाने राजकीय मतांचा समतोल राखावा म्हणजे काय करावे, हे पाहण्यास या सत्याग्रहाइतकी चांगली कसोटी दुसरी नाही.

उजव्या आणि डाव्या विचारांची पुस्तके सारख्या संख्येने ठेवली की समतोल साधतो, ही समजूत येथे टिकत नाही, कारण मुळशीच्या प्रश्नाला दोनच बाजू नव्हत्या. जमीन बुडणारे शेतकरी, त्याच जमिनीवर हक्क सांगणारे सावकार, पुण्यातील टिळकपंथीय पुढारी, सत्याग्रहाचे नेतृत्व करून तुरुंगवास पत्करणारे सेनापती बापट, मुंबईला वीज देऊ पाहणारी कंपनी आणि भूसंपादन करणारे सरकार, या प्रत्येकाचे म्हणणे निराळे होते. विनायकराव भुस्कुटे यांनी सत्याग्रहाचा वृत्तान्त त्यात सहभागी झालेल्या कार्यकर्त्याच्या भूमिकेतून लिहिला, तर राजेंद्र व्होरा यांनी राज्यशास्त्राच्या अभ्यासकाच्या दृष्टीने शेतकरी आणि सावकार यांच्या हितसंबंधांतील अंतर उलगडले. या दोहोंपैकी एकच घेणारा संग्रह अपुरा राहतो.

ग्रंथनिवड सहसा प्राध्यापकांच्या शिफारशींवरून, ग्रंथालय समितीच्या संमतीने आणि विक्रेत्यांच्या याद्यांतून होते. लहान प्रकाशकांची मराठी पुस्तके, स्मरणिका आणि चळवळींच्या पुस्तिका या याद्यांत क्वचितच येतात, आणि स्थानिकांची बाजू बहुधा तेथेच गळते. पुस्तक आल्यानंतरही वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार क्रमांक देण्याची पद्धत, बाजूंची फाटाफूट करते: ड्यूई दशांश पद्धतीत धरणबांधणी ६२७.८ मध्ये, वीजनिर्मिती ६२१.३१ मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये जातो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी आपल्या कपाटापाशी थांबला, तर विस्थापितांचे म्हणणे त्याच्या दृष्टीसही पडत नाही. यावर उपाय तालिकाकाराच्या, म्हणजे ग्रंथांच्या नोंदी करणाऱ्याच्या, हाती असतो. या सर्व ग्रंथांना ‘मुळशी सत्याग्रह’ हे समान विषयशीर्षक दिले, तर एकाच शोधात सर्व बाजू समोर येतात.

पुस्तके बाद करतानाही हीच दक्षता लागते. लेस्टर ॲशाइम या अमेरिकी ग्रंथालयशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडले, की निवड करणारा ग्रंथ ठेवण्याची कारणे शोधतो आणि अभ्यवेक्षक, म्हणजे सेन्सॉर, तो नाकारण्याची. वर्षानुवर्षे कोणी नेले नाही एवढ्याच कारणाने अल्पमताचे पुस्तक बाद करणे हे त्यामुळे अयोग्यच होय. मुळशीत शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी पुढील शिफारसपत्रात या तालुक्यावरील किमान एक मराठी ग्रंथ अवश्य सुचवावा.