आवणी कुणाकडं आहे?

वेल्हे तालुक्यात (सरकारदरबारी आता राजगड तालुका, बोलण्यात अजून वेल्हंच) किंवा भोरच्या पश्चिमेकडं कामाची गाणी ऐकायला जायचं असेल, तर गाण्याची चौकशी करून फारसं काही हाती लागत नाही. "इथं गाणी कोण म्हणतं हो?" असं विचारलं की लोक देवळातल्या भजनी मंडळाकडं बोट दाखवतात, नाहीतर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ लावून देतात. विचारायचं असतं ते वेगळंच. उद्या आवणी, म्हणजे भाताची लावणी, कुणाकडं आहे? एवढं विचारलं की वाडी कळते, खाचर कळतं, बायका किती जमणार ते कळतं, कुणाची सून माहेरी गेल्यामुळं माणूस कमी पडलंय तेही कळतं. आणि बांधावर दुपार ढळेपर्यंत पावसात उभं राहायची तयारी असली तर गाणंही कानावर पडतं. पडेलच असं नाही.

अशी चौकशी करणारे अलीकडं थोडे वाढलेत. 2020 च्या डिसेंबरअखेर नेथन इव्हान्स नावाच्या स्कॉटलंडमधल्या पोस्टमननं देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजांचं एक जुनं गाणं मोबाइलसमोर म्हटलं आणि टाळेबंदीत घरी बसलेलं अर्धं जग त्याच्या मागं ते म्हणू लागलं. तेव्हापासून 'सी शँटी' हा शब्द पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांच्याही तोंडी आला. (जाणकारांचं म्हणणं, ते गाणं काटेकोरपणे शँटी नव्हेच, दर्यावरचं कथागीत आहे. जाणकार सगळीकडं सारखेच.) शँटी म्हणजे शिडाच्या जहाजावरचं कामाचं गाणं. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी धृपद उचलायचं आणि धृपदातल्या ठरलेल्या शब्दावर सगळ्यांनी मिळून दोर खेचायचा. वाफेची जहाजं आली, खेचायचं काम यंत्राकडं गेलं आणि गाणं पोरकं झालं. शेवटचा शँटीमन म्हणून ज्यांचं नाव घेतात ते स्टॅन ह्यूगिल 1992 साली गेले. त्यांनी 1961 मध्ये या गाण्यांचा जाडजूड संग्रह छापला, म्हणून तिकडच्या पबात संध्याकाळी जमून ती म्हणणाऱ्यांना आज धरायला काहीतरी आहे.

आपल्याकडं असं काही आहे का, असं या पोरांपैकी कुणी विचारलं की मी त्यांना कोळीवाड्याचा नव्हे, घाटमाथ्याचा रस्ता दाखवते. होडी वाळूवर ओढताना 'हैया हो' ऐकायला मिळतं, ते खरंच. भोरला मात्र समुद्र नाही. पंतसचिवांचं संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत सुधागड त्यांच्याकडं होता, म्हणजे भोरची हद्द घाट उतरून कोकणात गेलेली होती, पण तीही खाऱ्या पाण्याला टेकली नव्हती. असं असलं तरी पुढून एकीनं सांगायचं आणि मागून बाकीच्यांनी झेलायचं, ही जी शँटीची मोडणी, ती मला सर्वांत स्पष्ट ऐकू आली ती तोरण्याच्या मागं, कानंद खोऱ्यात, घोट्याएवढ्या चिखलात.

जुलैचा मध्य होता. रोप पंचवीस-तीस दिवसांचं झालेलं, इंद्रायणीचं. आंबेमोहरापासून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं काढलेली ही जात 1987 साली आली आणि या खोऱ्यांत अशी रुजली, की नव्या पोरांना ती आजोबांच्या काळातली वाटते. सकाळी दोघीतिघी रोपाच्या वाफ्यात बसून रोप उपटत होत्या. मूठभर रोप उपटायचं, मुळांचा चिखल पाण्यात खळबळून काढायचा, जुडी बांधायची, मागं टाकायची. हे काम बसून करायचं, तोंड मोकळं, म्हणून इथं गप्पा. कुणाला कुठल्या दवाखान्यात नेलं, कुणाचा पोरगा शिरवळच्या कंपनीत पर्मनंट झाला. गाणं नाही. मी वाट बघत होते ते कळून एक मावशी म्हणाल्या, "आत्ताच कुटलं गानं? आंग तापू द्या की जरा."

खाचरात चिखल करून झाल्यावर जुड्या चिखलभर फेकल्या गेल्या आणि नऊ बायका एका रांगेत वाकल्या. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि दोन बोटांनी तीन-चार काड्या सोडवायच्या, मुळं बोटांच्या टोकाशी धरून चिखलात दाबायच्या, बोटं काढताना रोप हलू द्यायचं नाही. एक पाऊल मागं. पुन्हा तेच. लावणारीच्या समोर हिरवं वाढत जातं आणि पाठीमागं किती राहिलंय ते तिला दिसत नाही. बांधावरून बघणाऱ्याला हे काम शांत वाटतं. खरं तर त्यात चढाओढ असते. रांगेत एखादी मागं पडली तर दोन्हीकडच्या बायका तिला अडकवून पुढं सरकतात, ती हिरव्यात कोंडली जाते आणि मग दिवसभर तिची थट्टा.

गाणं सुरू झालं ते जेवणानंतर. कुणी 'चला म्हणू या' असं म्हटलं नाही. रांगेच्या टोकाला असलेल्या, साठीच्या पुढच्या एका आजींनी वाकल्या वाकल्या एक ओळ सोडली. पहिल्यांदा बाकीच्यांनी ती जाऊ दिली. दुसऱ्यांदा दोघींनी उचलली. तिसऱ्या वेळी रांग बोलली.

जवळून ऐकल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. वाकलेल्या माणसाच्या पोटावर दाब असतो, लांब दम धरता येत नाही, म्हणून सांगणारीची ओळ आखूड. ती ओळ संपवून आजी श्वास घ्यायच्या तेव्हा मागच्या आठ जणी ती ओढून धरायच्या, आणि त्यांचा शेवटचा स्वर खाली बसायच्या आत आजींची पुढची ओळ आलेली असायची. त्यामुळं कान सतत भरलेला राहतो, पण दम कुणालाच लागत नाही. दुसरी गोष्ट पावसाची. इरली आता एखाद्याच घराच्या माळ्यावर दिसतात, सगळ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाच्या खोळी. त्यावर पाऊस असा तडतडतो की आतल्या बाईला शेजारणीचा आवाज येत नाही. गाणं सुरू झाल्यावर एकेकीनं खोळ डोक्यावरून मागं सारली. केस भिजले, पण ऐकू येऊ लागलं. खालच्या खाचरात पॉवर टिलर चालू होता. तो जवळच्या टोकाला आला की आजी थांबायच्या, लांब गेला की पुन्हा धरायच्या, आणि नेमकं तिथूनच जिथं सोडलं होतं.

हातांचा ठेका आणि गाण्याचा ठेका मात्र जुळत नव्हता. ही गोष्ट मला पहिल्यांदा खटकली, मग पटली. शीड वर चढवताना सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा लागतो, नाहीतर शीड हलत नाही. तिथं गाणं म्हणजे मोजमाप. आवणीत नऊ जणींनी एकाच क्षणी रोप दाबायची काही गरज नाही. इथं गाणं रांग सांभाळतं. पुढं पळणारी गाण्यासाठी थोडी सबुरीनं घेते, मागची नेट लावते. शँटीच्या जवळचं काही शोधायचं तर ते जात्यावर सापडेल. एका खुंट्याला दोघींचे हात, वरची पाळी फिरते ती दोघींच्या एकत्र जोरानं, आणि ओवीचा झोका त्या फेऱ्यावरच बसलेला.

जात्यावरच्या या ओव्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून सुरुवात करून, पुढं महाराष्ट्रभर फिरून, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लोकांपुढं येताहेत. शेतातल्या कामाच्या गाण्याच्या, म्हणजे भलरीच्या, वाट्याला एवढं कुणी आलेलं नाही. त्याचं एक कारण उघड आहे. जातं घरात असतं, बाई बसलेली असते, माइक ठेवता येतो. चिखलात मागं मागं सरकणाऱ्या रांगेपुढं माइक कोण धरणार?

संध्याकाळी त्याच आजींना पडवीत बसवून मी तेच गाणं म्हणायला सांगितलं. त्यांनी एक कडवं म्हटलं, दुसऱ्याला अडल्या. सुनेनं आठवण करून दिली, तीही अडली. मग आजी हसल्या, उजव्या हाताची तीन बोटं जमिनीला टेकवून उचलू लागल्या, आणि दोन ओळी सुटल्या. "हात मोकळा आसला की त्वांड बंद," म्हणाल्या. गाण्यात राम-सीता होते, पंढरीची वाट होती, भावाची वाट बघणारी बहीण होती आणि मधूनच ज्याच्या खाचरात काम चालू त्याच्या चहात साखर कमी असल्याची तक्रार होती. ही तक्रार आजींनी उभ्या उभ्या रचलेली. मालक बांधावर उभा राहून ऐकत होता आणि पुढचा चहा गोड आला. शँटीमनही कप्तानाच्या कंजूषपणावर कडवी रचत असत, असं वाचलं होतं. ते कसं घडत असेल ते इथं दिसलं.

हा मालक भावकीतला होता, आणि त्या दिवसाचं काम सावडीनं चाललं होतं. आज सगळ्यांनी याच्या रानात, उद्या दुसऱ्याच्या. मुळशी-मावळात इर्जिक म्हणतात तीही याच जातीची, त्यात जेवण मोठं. सावडीत पैसे नसतात, पण चुकवाचुकवी चालत नाही. कोण किती दिवस आलं ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. गाणं मला ऐकू आलं ते अशाच खाचरांत. त्याच खोऱ्यात, ओढ्यापलीकडं, पुण्यात राहणाऱ्या मालकाचं मोठं रान होतं. तिथं बाहेरगावची टोळी उक्तं काम करत होती, एकराचा भाव ठरवून. हात काय चालत होते त्यांचे! पण आवाज फक्त मुकादमाचा. एक रान उरकून दुसरं धरायचं असतं, तिथं गाण्यानं रांग सांभाळणं परवडत नाही. त्या बायकांना गाणी येत नाहीत असं मुळीच नाही. चहाला बसल्या तेव्हा एकीनं गुणगुणलेली चाल आमच्या आजींच्या चालीची सख्खी बहीण वाटली.

आणखी एक प्रकार भोरकडं पाहिला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. तिथं चारसूत्रीची लावणी होती. डॉ. नारायण सावंत यांच्या या पद्धतीत दोरीवर 15 आणि 25 सेंटीमीटरच्या आलटूनपालटून खुणा असतात. खुणेवर रोप लावायचं, दोरी उचलायची, पुढं टाकायची, नंतर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचायची. उत्पन्न वाढतं, खत वाया जात नाही, त्याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार नाही. पण दोरी धरणारे दोन गडी दर थोड्या वेळानं 'उचल' म्हणतात आणि सगळी रांग थांबते. गाण्याचा धागा तिथं तुटतो. गंमत अशी, की सगळ्यांनी एका हाकेवर एकदम हलायचं, हा शँटीचा खरा प्रसंग इथंच तयार होतो. त्याला साजेसं गाणं मात्र अजून कुणी केलेलं नाही. बायका म्हणाल्या, दोरीवाला हाका मारतोय तेच पुरे.

इंग्रजांच्या युद्धनौकांवर शँटी म्हणायला मनाई होती. तिथं हुकूम ऐकू येणं महत्त्वाचं, आणि खलाशांची भरती एवढी की गाण्याच्या मदतीशिवाय दोर ओढला जाई. व्यापारी जहाजाचा मालक मोजकीच माणसं नेई, म्हणून तिथं गाणं लागे. आपल्याकडं उलटं झालंय. माणसं कमी झाली तसं गाणं बंद पडत चाललंय. चार बायकांच्या रांगेत एकीनं सांगितलं तर मागून झेलायला तीनच उरतात, त्यातली एक सून लाजते आणि एकीला खोकला. भोर-वेल्ह्याची तरुण पोरं-पोरी सकाळी सहाला शिरवळ नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीच्या बसमध्ये असतात. कंपनीतला पगार सोडून त्यांनी चिखलात गायला यावं, असं म्हणायचा मला काय अधिकार?

गॅदरिंगमध्ये एकसारख्या हिरव्या साड्या नेसून, हातात थर्माकोलचे विळे घेऊन मुली 'भलरी नृत्य' करतात, तेही पाहिलं. गोड असतं. पण रेकॉर्डवर सांगणारी एक, झेलणाऱ्याही रेकॉर्डवरच, आणि स्टेजवर सगळ्या फक्त ओठ हलवतात. त्यापेक्षा नागपंचमीला आणि गौरीला वाडीच्या अंगणात फेर धरतात तो बरा. तिथं सांगणारी अडली तर दुसरी पुढं येते, चुकली तर हशा पिकतो, आणि परकी बाई हात धरून उभी राहिली तर तिलाही ओढून घेतात. पुण्याहून येऊन नुसतं ऐकायचं नाही, आपणही म्हणायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हाच सोपा दरवाजा. पुरुषांना एकादशीच्या भजनात जागा मिळेल. टाळ वाजवता आला पाहिजे, एवढीच अट.

आवणी ऑगस्टच्या सुरुवातीला संपते. निघताना पुढच्या कामाची चौकशी केली. बेणणीला दोघीतिघीच असतात, म्हणजे गाणं नाही. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग खळ्यावर झोडणी. पेंढी फळीवर आपटायची, त्याला पुरुषही असतात, आणि तिथं आपटण्याच्या ठेक्यावर म्हणायचं गाणं निराळं, असं आजी सांगू लागल्या होत्या. सुनेनं त्यांना मधेच थांबवलं आणि माझ्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर टाकून दिला.

"तवा या, पन आधी फोन करा ताई," ती म्हणाली. "औंदा मळणीची मशीन सांगून ठिवलीय ह्यांनी. ती आली तर गानं न्हाई व्हायचं, आन् आमी काय ती परत न्हाई पाठवनार."