मेंटेनन्स प्रोजेक्टवर अडकलात?

हिंजवडी असो की बंगळूर, मेंटेनन्सला टाकलेल्या मुलामुलींची तक्रार एकच: दिवसभर तिकिटं बंद करायची, नवीन शिकायला काही नाही. कंटाळा खराच आहे. पण हे काम दुय्यम अजिबात नाही. वापरातलं सॉफ्टवेअर सतत बदलत राहिलं नाही तर हळूहळू निरुपयोगी होतं, हे मेयर लेहमन यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं.

मायकेल फेदर्स यांचं २००४ सालचं 'वर्किंग इफेक्टिव्हली विथ लेगसी कोड' जरूर वाचा. त्यांच्या लेखी लेगसी कोड म्हणजे टेस्ट नसलेला कोड. त्यांची एक युक्ती मला फार आवडते: फंक्शन आज जे उत्तर देतं, मग ते चुकीचं का असेना, तेच आधी टेस्टमध्ये नोंदवायचं. समजा, व्याज १०४.५० यायला हवं आणि येतंय १०४. टेस्टमध्ये १०४ च लिहा, मगच कोडला हात लावा. नकळत काही बदललं तर टेस्ट लगेच फेल होईल. 'गिट बायसेक्ट'ही शिकून घ्या. हजार कमिट्समधून बग आणणारा नेमका कमिट दहाएक तपासण्यांत सापडतो.

एवढं करूनही टीम टेस्ट लिहायला वेळच देत नसेल, तर खुशाल दुसरी नोकरी शोधा. मुलाखतीत मात्र हे काम लपवू नका, तपशीलवार सांगा.