समतोल कोणाचा, तराजू कोणाचा?

उत्तरपत्रिका तपासताना एखादी चूक अशी भेटते की, तिच्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी परीक्षकालाच विचारात पडावे लागते. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील निबंधात 'बॅलन्स ऑफ पॉवर' या इंग्रजी शब्दप्रयोगाचा अर्थ सांगताना एका विद्यार्थ्याने लिहिले होते : 'सत्तासमतोल म्हणजे सर्व राष्ट्रांची शक्ती समान असणे. त्यामुळे कोणावरही अन्याय होत नाही.' पहिले विधान अपुरे आहे, दुसरे तर साफ चुकीचे. पण हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही. आपण मराठीत जो प्रतिशब्द रूढ केला त्यात 'सम' आहे आणि 'सम' म्हटले की समता, न्याय या कल्पना आपोआप मागून येतात.

मूळ इंग्रजी शब्द इतका सोज्ज्वळ नाही. 'बॅलन्स' हा शब्द लॅटिनमधील दोन पारड्यांच्या तराजूवरून आला. पुढे त्याला समतोल हा अर्थ मिळाला आणि हिशेबाच्या वहीत तो 'शिल्लक' या अर्थाने स्थिरावला. आपल्या कचेऱ्यांतील कारकुनांना हा तिसरा अर्थ अधिक परिचयाचा! या तिन्ही छटा सत्तेविषयीच्या शब्दप्रयोगात उतरल्या आहेत. कधी त्याचा अर्थ 'दोन्ही पारडी सारखी' असा असतो. कधी समानतेचा संबंधच नसतो. बळाची प्रत्यक्ष वाटणी कशी आहे एवढेच सांगायचे असते. मराठीत आपण 'अमक्याचे पारडे जड झाले' म्हणतो, तोच हा अर्थ. आणि कधी तराजू कोणाच्या हाती आहे, हे त्यातून सुचवायचे असते. लोण्यासाठी भांडणाऱ्या दोन बोक्यांची आणि वाटणी करून देणाऱ्या माकडाची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला हा शेवटचा अर्थ निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

युरोपच्या राजकारणात हे तत्त्व राजमान्य झाले ते १७१३ च्या उट्रेक्टच्या तहांनी. स्पेनच्या गादीसाठी झालेल्या दीर्घ युद्धानंतरच्या या तहांत सत्तासमतोलाचा स्पष्ट उल्लेख आहे. फ्रान्स आणि स्पेन यांचे राजमुकुट एकाच मस्तकावर येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. चौदाव्या लुईच्या महत्त्वाकांक्षेने पोळलेल्या युरोपला तो दिलासा वाटला असल्यास नवल नाही. परंतु याच तहांनी ब्रिटनच्या पदरात जिब्राल्टर आणि मिनॉर्का पडले. शिवाय अमेरिकेतील स्पॅनिश वसाहतींना आफ्रिकेतील गुलाम पुरविण्याचा ३० वर्षांचा मक्ताही मिळाला. समतोल युरोपचा आणि शिल्लक ब्रिटनची, असा हा जमाखर्च होता.

याहून करुण कहाणी पोलंडची. रशियाने तुर्कस्तानवर विजय मिळविताच ऑस्ट्रिया अस्वस्थ झाला आणि प्रशियाही सावध झाला. रशियाचे पारडे जड होऊ नये आणि आपापसांत युद्धही पेटू नये, म्हणून १७७२ मध्ये या तिघांनी पोलंडचा मुलूख वाटून घेतला. १७९३ आणि १७९५ मध्ये आणखी दोन वाटण्या झाल्या आणि पोलंड नकाशावरून नाहीसे झाले, ते थेट १९१८ पर्यंत. या व्यवहारात पोलंडला पारडेही मिळाले नाही. ते केवळ लोणी ठरले.

म्हणून हे तत्त्व सर्वस्वी त्याज्य आहे, असे मात्र नव्हे. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने पराभूत फ्रान्सलाही मोठ्या राष्ट्रांच्या पंक्तीत स्थान ठेवले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे साऱ्या युरोपला वेढणारे युद्ध झाले नाही, याचे काही श्रेय या तत्त्वाला द्यावे लागेल. पण १९१४ मध्ये परस्परांना तोलून धरणारे दोन राष्ट्रगटच युरोपला युद्धात घेऊन गेले, हेही विसरता येत नाही.

संसदीय राजकारणातही हा शब्दप्रयोग वावरतो. ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ६५० पैकी ३०६ जागा मिळाल्या, बहुमत हुकले. अवघ्या ५७ जागांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हाती 'बॅलन्स ऑफ पॉवर' आली, असे म्हटले गेले. येथे समानता कोठेच नाही. उलट, अंगच्या वजनाहून अधिक सत्ता, असाच तिचा अर्थ आहे. आपल्याकडे १९९९ मध्ये लोकसभेतील १८ सदस्यांच्या एका पक्षाने पाठिंबा काढून घेतला आणि वाजपेयी सरकार एका मताने पडले. त्यावेळी हा अर्थ आपण प्रत्यक्ष अनुभवला.

अर्थशास्त्राच्या वर्गात मागणी-पुरवठ्याचा समतोल शिकविताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. टंचाईच्या काळात खुल्या बाजारात धान्याची जी किंमत ठरते, तीही समतोल किंमतच असते. मात्र ती न परवडणारा माणूस त्या समतोलाच्या बाहेर उपाशी उभा असतो. समतोल ही स्थिती आहे, न्याय हा निवाडा आहे. वृत्तपत्रात 'या प्रदेशातील सत्तासमतोल राखण्यासाठी' अशी शब्दयोजना वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तराजू कोणी धरला आहे, पारड्यांत कोण बसले आहे आणि वाटणीसाठी लोणी म्हणून कोणाला ठेवले आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो शब्द मान्य करू नये.

त्या विद्यार्थ्याला मी पहिल्या वाक्याबद्दल अर्धा गुण दिला. दुसऱ्या वाक्यापुढे मात्र समासात एकच शब्द लिहिला : 'पोलंड?'